पार्टीचं नियोजन परतीच्या वाटेपासून सुरू कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजमधल्या तुमच्या सोशल क्लबची वार्षिक पार्टी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. दीडशेच्या आसपास मुलंमुली येणार, गंगापूर धरणाच्या बाजूचं एक फार्महाऊस बघून ठेवलंय, डीजे ठरलाय आणि काही जणांना 'थोडी बिअर' हवी आहे. गेल्या वर्षी एक मुलगा बेशुद्ध पडला आणि दोन गटांत हाणामारी झाली. या वर्षी अध्यक्ष तू आहेस, तुला झोप लागत नाहीये आणि तू विचारलंयस, "ताई, सुरुवात कुठून करू?"

सुरुवात शेवटापासून कर. मी नाशिकमध्ये बावीस वर्षं मंडप, साउंड आणि कार्यक्रमांचं काम करते. फ्रेशर्स, फेअरवेल, क्लबच्या पार्ट्या अशी विद्यार्थ्यांची कामं त्यात भरपूर झाली. ऐन नाच रंगात असताना फारसं काही बिघडत नाही, हा माझा अनुभव. बिघडतं ते दोन वेळांना. एक, सगळे एकदम येतात तेव्हा गेटवर. दुसरी वेळ रात्री डीजे बंद झाल्यावरची. आयोजक दमलेले असतात, कुणी चपला शोधतंय, कुणी गाडीची किल्ली, आणि सगळ्यांना वाटतं की झालं, पार पडलं. नेमकं तेव्हाच लक्ष सुटतं. म्हणून मी कोऱ्या कागदावर पहिली ओळ लिहिते ती अशी: शेवटचा माणूस किती वाजता आणि कशाने घरी पोचणार? त्याचं उत्तर सापडलं की मग मागे मागे येत बाकीचं ठरवते.

तुमच्या बाबतीत ही ओळ लिहायला घेतली की फार्महाऊसच अडचणीचं ठरतं. तुमची मुलं राहतात कुठे? कॉलेज रोड, म्हसरूळ, आडगाव, नाशिक रोड, काही महिरावणीकडच्या हॉस्टेलवर. धरणाकडून शहरात येणारा रस्ता रात्री अंधाराचा, मध्येच वळणं, कडेला मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली उभी. डिसेंबरात धुकंही असतं. रात्री दहानंतर तिकडे सिटीलिंकच्या, म्हणजे शहर बसच्या, भरवशावर राहता येत नाही आणि ॲपवरची कॅब मिळाली तर मिळाली. मग उरते बाईक. एका बाईकवर तिघं, हेल्मेट एकालाही नाही, चालवणारा 'मी ठीक आहे रे' म्हणतोय. पार्टीतला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. दारू त्यात भर घालते, पण दारू नसतानाही रात्री बाराला झोपाळलेला मुलगा त्या रस्त्यावर सुरक्षित नसतो.

माझं स्पष्ट मत विचारशील तर फार्महाऊस सोड आणि शहरातला एखादा लॉन्स किंवा हॉल घे. तिथे रस्ता उजेडाचा असतो, दवाखाना दहा-पंधरा मिनिटांवर असतो, फोनला रेंज असते. धरणाच्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. बॅकवॉटर दिवसा शांत दिसतं, पण काठावरचा गाळ आणि एकदम खोल होणारा तळ रात्री दिसत नाही. 'पाय बुडवून येतो' म्हणून निघालेल्या मुलाला थांबवायला तिथे कुणी नसतं. बिबट्याचं म्हणशील तर गंगापूर रोडच्या लोकांना ते सांगायची गरज नाही. अंधारात एकट्याने पार्किंगपर्यंत चालत जायचं नाही, एवढं तरी सगळ्यांना सांगावंच लागतं.

तरीही समितीने फार्महाऊसच धरलं तर माझी एक अट राहील, आणि ती मी कुठल्याच क्लबसाठी सोडत नाही. कुणीही स्वतःची गाडी आणायची नाही. पन्नास सीटच्या तीन बस ठरवा, त्याचे पैसे वर्गणीतच धरा. येताना बस, जाताना तीच बस. परतीच्या दोन फेऱ्या ठेवा, एक साडेनऊची आणि दुसरी पावणेअकराची. ज्या मुलींच्या हॉस्टेलचं गेट लवकर बंद होतं त्यांना पहिली बस. बसमध्ये चढताना यादीवर नावापुढे खूण, उतरताना पुन्हा खूण. मुलीला हॉस्टेलच्या गेटपाशी सोडायचं, चौकात नाही. आणि गेट आतून बंद झाल्याचं बघूनच बस हलवायची. बजेट कमी पडतंय असं खजिनदार म्हणेल. तेव्हा लाईट टांगायचे दोन सांगाडे (ट्रस) कमी कर, फुलांची कमान काढून टाक, पण बस काढू नकोस. मुलं कुरकुर करतील, 'आम्ही काय शाळेची सहल आहोत का' म्हणतील. म्हणू दे.

आता बिअरचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

आधी कायदा. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं, बाकी मद्यासाठी २५. पिणाऱ्याकडे परवाना लागतो आणि जिथे मद्य वाटलं जाणार त्या कार्यक्रमासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा वेगळा एक दिवसाचा परवाना लागतो. तुमच्या क्लबमध्ये पहिल्या वर्षाची मुलं आहेत, त्यातली काही अजून १८ चीही नसतील. दीडशेतले किती जण २१ पूर्ण केलेले असतील ते तूच मोज. अंधारात, गर्दीत, कुणाच्या हातातला ग्लास कुणाच्या हातात गेला हे कुठलीही समिती सांभाळू शकत नाही. म्हणून विद्यार्थ्यांच्या पार्टीत क्लबकडून मद्य नाही, वर्गणीतून नाही, 'वरच्या वर्षाच्या मुलांनी आपापलं आणलंय' असंही नाही. ज्या कामात ही अट मान्य नसते ते काम मी घेत नाही.

पण मद्य नाही असं पोस्टरवर लिहिलं म्हणजे काम संपलं, असं समजू नकोस. गेल्या वर्षी तुमच्याकडेही बार नव्हताच. तो मुलगा येण्याआधीच रूमवर पिऊन आला होता, असं तूच लिहिलंयस. हेच होतं. आत मिळणार नाही हे माहीत असल्यामुळे मुलं तासाभरात घाईघाईने पोटात ढकलतात आणि मग गेटवर येतात. त्या वेळी ती नीट चालतात, नीट बोलतात. दारू रक्तात चढायला वेळ लागतो, त्यामुळे शेवटचा घोट घेतल्यानंतरही बराच वेळ नशा वाढत राहते. आठ वाजता गेटवर हसत आलेला मुलगा पावणेनऊला कोसळतो आणि सगळे म्हणतात, 'आत तर काही प्यायलाच नव्हता.'

म्हणून हा हिशेब तुमच्या सगळ्यांना आधीच सांगून ठेव. तीस मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्याकडे मुलं जी स्ट्राँग बिअर घेतात ती साधारण आठ टक्क्यांची असते. तिच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल, म्हणजे चार पेग. 'मी फक्त दोन बिअर घेतल्या' याचा अर्थ आठ पेग. क्वार्टर म्हणजे सहा पेग. आणि आपण वाईनच्या गावात राहतो, तर वाईनचंही ऐक: तेरा टक्क्यांची अर्धी बाटली म्हणजे जवळजवळ चार पेग. 'वाईन म्हणजे द्राक्षाचा रस' असं म्हणणाऱ्या मुली मी आजारी पडताना पाहिल्यात. यकृत हे सगळं तासाला साधारण एक पेग या गतीनेच बाहेर काढतं. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ, उलटी करायला लावणं, यातल्या कशानेही ती गती वाढत नाही. कॉफीने माणूस जागा दिसतो आणि मग त्याला वाटतं की आता गाडी चालवता येईल. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून प्यायलं तरी हाच धोका. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. बारीक चणीच्या मुलाची ती दोन पेगमध्येही ओलांडली जाऊ शकते. पहिल्यांदा पकडला गेला तर दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

गेटवर पिऊन आलेल्याचं काय करायचं? बहुतेक क्लब त्याला हाकलून देतात. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच केलं. एकदा पाथर्डी फाट्याकडच्या एका कार्यक्रमात गेटवरून परत पाठवलेला मुलगा तासाभराने रस्त्याच्या कडेला गटारीशेजारी बसलेला सापडला, त्याच्याच मित्रांना. डोकं फुटलं होतं. तो वाचला, पण त्याला परत पाठवा असं मी सांगितलं होतं. त्या रात्रीपासून माझा नियम बदलला. पिऊन आलेल्याला नाचायला आत सोडायचं नाही आणि एकट्याला बाहेरही सोडायचं नाही. गेटजवळ एक खोली किंवा छोटा मंडप ठेवायचा. तिथे खुर्च्या, गाद्या, पाणी, पांघरुणं आणि दोन शुद्धीवरची माणसं. त्याला तिथे बसवायचं, घरी किंवा रूममेटला फोन करायचा आणि कुणी घ्यायला आलं की त्याच्या हाती द्यायचं. ओरडायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही. शिक्षा करायची असेल तर सोमवारी करा.

आता त्या बेशुद्ध मुलाकडे येते. तू लिहिलंयस की मित्रांनी त्याला आतल्या खोलीत झोपवलं आणि दार ओढून घेतलं, कुणी त्रास देऊ नये म्हणून. तुला घाबरवायचं नाही, पण हे नीट कळायला हवं. बंद खोलीत, पाठीवर, एकटा झोपलेला प्यायलेला माणूस मरू शकतो. खूप दारू झाली की घशात काही गेल्यावर आपोआप खोकला येतो ती क्रिया मंदावते. उलटी होते, ती श्वासनलिकेत जाते आणि माणूस आवाजही न करता गुदमरतो. माझ्याच एका कामात असं होता होता टळलं. फेअरवेलची रात्र होती. जनरेटरवाल्या काकांना वायर गुंडाळताना एका खोलीतून घरघर ऐकू आली. मुलं म्हणाली, "काका, तो घोरतोय, झोपू द्या." काकांनी ऐकलं नाही, आत जाऊन त्याला कुशीवर वळवलं आणि त्याच क्षणी त्याला उलटी झाली. काका आठवी शिकलेले. त्यांना काही माहीत होतं म्हणून नव्हे, तो आवाज त्यांना बरा वाटला नाही म्हणून ते आत गेले.

तेव्हा हे तुमच्या सगळ्या स्वयंसेवकांकडून पाठ करून घे. हाक मारून, खांदा हलवून, चिमटा काढून माणूस जागा होत नसेल. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांचं अंतर पडत असेल. ओठ-नखं निळसर, अंग गार आणि चिकट लागत असेल. झोपेत उलट्या होत असतील किंवा झटके येत असतील, तर यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन. चारही दिसायची वाट बघायची नाही. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर ठेवायचं, वरचा गुडघा पुढे वाकवून, हात गालाखाली, तोंड किंचित जमिनीकडे म्हणजे उलटी बाहेर येईल. अंगावर पांघरूण. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. एक माणूस शेवटपर्यंत त्याच्याजवळ बसून श्वास मोजत राहील. थंडीचंही लक्षात ठेव. डिसेंबरात निफाडला पारा पाच-सहावर येतो, धरणाकाठीही रात्री चांगलंच गार असतं. दारूने अंग गरम वाटतं, पण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे शरीरातली उष्णता उलट लवकर निघून जाते. उघड्यावर लॉनवर पडलेला मुलगा त्यामुळे आणखी धोक्यात.

कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे पार्टीच्या दिवशी ठरवायचं नसतं. गंगापूर-त्र्यंबक बाजूला असाल तर त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल हॉस्पिटल, आडगावच्या बाजूला असाल तर डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. आदल्या दिवशी तो रस्ता गाडीने जाऊन बघायचा आणि किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवायचं. फार्महाऊसचा नेमका पत्ता आणि मॅपवरचं लोकेशन प्रत्येक स्वयंसेवकाच्या फोनमध्ये हवं. १०८ वरच्या माणसाला 'गिरणाऱ्याच्या पुढे, ते लाल गेट' सांगून गाडी पोचत नाही. दोघांनी मेन रोडवर टॉर्च घेऊन उभं राहायचं.

मुलं फोन करायला कचरतात ती तीन भीतींपोटी: पोलिस, कॉलेज आणि घरचे. डॉक्टर पोलिसांना कळवू शकतात, ते मी लपवत नाही. पण तातडीच्या रुग्णावर आधी उपचार, कागदपत्रं नंतर, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय, आणि ते सरकारी तसंच खासगी डॉक्टरांनाही लागू आहे. कॉलेजची भीती मात्र तूच कमी करू शकतेस. पार्टीच्या आधी तुमच्या समन्वयक सरांना भेट आणि एक गोष्ट त्यांच्याकडून कबूल करून घे: जो मित्रासाठी मदत मागेल त्याच्यावर, तो स्वतः प्यायलेला असला तरी, क्लबकडून कारवाई होणार नाही. हे सगळ्यांना आधी जाहीर कर. ही एक ओळ नसेल तर बाकीचं सगळं माहीत असूनही मुलं दार ओढून घेतील.

हे सगळं करणार कोण? आमच्या कामात आम्ही त्यांना जागले म्हणतो. पूर्वी गावात रात्री जागून राखण करणारा जागल्या असायचा, तसे. दर पंधरा जणांमागे एक, म्हणजे तुम्हाला दहा हवेत, त्यात निम्म्या मुली. त्या दिवशी सकाळपासून एक थेंबही नाही, ही अट. सगळे पहिल्या वर्षाचे घ्यायचे नाहीत, कारण ज्युनिअर मुलगा सीनियरच्या हातातली किल्ली काढून घेऊ शकत नाही. समितीतले निम्मे तरी जागले असलेच पाहिजेत आणि पहिलं नाव तुझं. तुला त्या रात्री नाचता येणार नाही. अध्यक्षपद घेतलंस तेव्हाच ते ठरलंय. अंगावर पिवळं जॅकेट, म्हणजे अंधारात दिसतील. प्रत्येकाचा एक पट्टा ठरलेला: गेट, नाचाची जागा, स्वच्छतागृहाची वाट, पार्किंग, पाण्याची बाजू, खोल्या. दर अर्ध्या तासाने पट्टा बदलायचा, नाहीतर डोळे तेच ते बघून थकतात.

गेटबद्दल. हाणामारी झाली तेव्हा त्यातले किती जण तुमच्या कॉलेजचे होते? माझा अंदाज, निम्मेही नाही. बाहेरचा मित्र, मित्राचा मित्र, कुणाच्या तरी 'एक्स'चा भाऊ. नावांची यादी तीन दिवस आधी बंद कर. सोबत पाहुणा आणायचा असेल तर एकच, त्याचंही नाव यादीत, आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी आणणाऱ्यावर. ओळखपत्र बघून मनगटाला पट्टी बांधायची. १८ खालच्यांची पट्टी वेगळ्या रंगाची, आणि ती मुलं पहिल्या बसने परत. 'गेटवर पैसे द्या आणि आत या' हे कधीच नको. आत किती जण आहेत हे कुठल्याही क्षणी तुला सांगता आलं पाहिजे.

गर्दीला हलक्यात घेऊ नकोस. २००३ च्या कुंभमेळ्यात आपल्याच नाशिकमध्ये चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. दीडशे जणांची पार्टी आणि कुंभमेळा यांची तुलना नाही, मला कळतं. पण कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्याच संगीत कार्यक्रमाला पाऊस आला, बाहेरचे सगळे एकदम आत घुसले आणि प्रवेशाच्या पायऱ्यांवर चार जण मेले. तिथे कुणी भांडत नव्हतं, कुणी प्यायलेलं असण्याचा प्रश्न नव्हता. लोक फक्त एकाच वेळी एकाच दाराकडे गेले. त्यामुळे आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं दार वेगळं ठेवा, दोन्ही उघडी, समोर गाडी लावलेली नाही, पायरी असेल तर तिच्यावर दिवा. नाचायच्या जागेसाठी मी माणशी एक चौरस मीटर धरते. आणि तीन बस एकदम रिकाम्या करायच्या नाहीत, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने गेटवर आणायच्या.

आगीचंही इथेच सांगते. मुंबईत कमला मिलच्या आगीत डिसेंबर २०१७ मध्ये १४ जण गेले. बरेच जण धुरापासून वाचायला स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. डीजेला सांगून पार्टीच्या सुरुवातीलाच माइकवरून बाहेर जायची दोन दारं दाखवा, तीस सेकंद लागतात. बंद हॉलमध्ये कुठलीही आतषबाजी नाही, 'कोल्ड' म्हणतात तीही नाही. जनरेटर मंडपापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. लॉनवर संध्याकाळी दव पडतं, तेव्हा जमिनीवरून वायर टाकणाऱ्या मंडपवाल्याला तिथेच थांबव. अर्थिंग केलंय का आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवलाय का, हे स्वतः विचार. तो हो म्हणाला तर दाखव म्हण.

आवाजाचा नियम तुला माहीत असेलच: रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर नाही. धरणाकडची बरीच फार्महाऊसं शहर नव्हे तर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतात, म्हणून लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज कुठल्या ठाण्यात द्यायचा ते आधी विचार. लेझर लाईट नकोच. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीनंतर लेझरमुळे डोळ्यांना इजा झालेली तरुण मुलं नाशिकच्या डॉक्टरांकडे आली होती.

मुलींच्या बाबतीत मी एक प्रश्न विचारते आणि तोच तू विचार: एखादीला अस्वस्थ वाटलं तर ती त्या क्षणी कुणाकडे जाईल? 'समितीकडे' हे उत्तर नाही. दोन मुलींची नावं, त्यांचे फोन नंबर, त्या कुठे उभ्या असतील, हे स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचं. फार्महाऊसच्या खोल्या कुलपात. जी खोली उघडी ती फक्त बरं नसलेल्यांसाठी, आणि तिचं दार कायम उघडं. आपला ग्लास आपल्या हातात, खाली ठेवलेला परत उचलायचा नाही. जी मुलगी किंवा मुलगा नीट उभा राहू शकत नाही त्याचा होकार हा होकार नसतो, हे मुलांना वर्गात तोंडावर सांगा, पोस्टरवर नको. आणि काही घडलंच तर 'आपापसात मिटवून टाकू' असं कुणालाही म्हणू देऊ नकोस. लैंगिक छळाच्या तक्रारी घेणारी कॉलेजची अंतर्गत समिती त्यासाठीच आहे, पोलिसांना बोलवायला ११२ आहे. निर्णय त्या मुलीचा, क्लबच्या नावाचा विचार त्यात येत नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तुम्ही 'टास्क' ठेवता ना? ते काढून टाक. नाचून दाखव, प्रपोज कर, एका दमात संपव, हे सगळं रॅगिंगमध्ये मोडतं आणि महाराष्ट्रात १९९९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याहून मोठी गोष्ट, सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला नाही म्हणायची हिंमत नसते. त्याला खेळायला काही तरी दे ज्यात हरला तरी लाज वाटणार नाही. अंताक्षरी अजूनही चालते, मी बघते.

जेवण लवकर मांड. साडेसातलाच. रिकाम्या पोटी पिऊन आलेल्यांचंही त्याने थोडं सावरतं आणि न पिणाऱ्यांची चिडचिड कमी होते. सुरुवातीला फक्त चिवडा-खारे दाणे ठेवू नकोस, तहान वाढते. पिठलं-भाकरी, अंड्याची भुर्जी, पुलाव असं अंगाला लागणारं ठेव, आणि पाणी इतक्या ठिकाणी ठेव की शोधायला लागू नये. शेवटी साडेनऊला गरम चहा. चहा आला की मुलं खाली बसतात, गप्पा मारतात आणि पार्टी आपोआप उतरणीला लागते. लाईट एकदम बंद करून 'निघा निघा' करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. शेवटची तीन गाणी संथ लावायला डीजेला सांग आणि मैदानाचे मोठे दिवे हळूहळू वाढव.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तुझ्याकडे दोन याद्या हव्यात, बसमध्ये चढलेल्यांची आणि उतरलेल्यांची. जे नाव दुसऱ्या यादीत नाही त्याला फोन कर. उचलला नाही तर रूममेटला. बरं नसलेल्या खोलीत जे बसले होते त्यांना दुपारी पुन्हा एकदा फोन कर, रागावण्यासाठी नाही. गेल्या वर्षीच्या त्या मुलालाही या आठवड्यात भेट. तो पार्टीला येणार नाही म्हणतोय असं तू लिहिलंयस. त्याला जागल्यांमध्ये घेता येतं का बघ. बंद खोलीत काय होतं हे इतरांना त्याच्याइतकं चांगलं कुणी सांगू शकणार नाही, अर्थात त्याची तयारी असेल तरच.

जागा ठरवायच्या आधी ती एकदा रात्री बघायला हवी. तुम्ही ती दुपारी बघितलीय, फोटोवरून कळतं. येत्या शनिवारी मी सातपूरच्या गोडाऊनवर आहे, साडेसातपर्यंत मोकळी होईन. तू, खजिनदार आणि फार्महाऊसची बोलणी करणारा मुलगा, तिघं या, माझ्या गाडीने जाऊ. सगळे दिवे बंद करून गेटपासून पार्किंगपर्यंत आणि तिथून पाण्यापर्यंत चालू. येताना टॉर्च आण, फोनचा नको.